शेपूट न लावलेलं बातमीपत्र

आमच्या घरात कुणी कशाचाही शेवट बघत नाही. खुनी कोण ते आम्हाला माहीत नसतं. विमान नीट उतरलं की कोसळलं, हरवलेला कुत्रा घरी आला की नाही, भांडलेल्या बहिणी पुन्हा बोलल्या की नाही, आम्हाला विचारू नका. मी लहान असताना मैत्रिणीच्या घरी पहिल्यांदा एक सिनेमा अगदी शेवटपर्यंत बघितला. पडद्यावर नावांची रांग वर सरकायला लागली तेव्हा मला वाटलं टीव्ही बिघडला. मी उठून त्याच्या डोक्यावर हात ठेवून बघितलं, तापलाय का ते. त्या घरात अजून मला त्यावरून चिडवतात.

याला कारण पेटी.

पेटी म्हणजे आमच्या हॉलमध्ये टीव्हीखाली बसलेला कॉम्प्युटर. तो कॉम्प्युटर आहे हे कुणाला कळू नये म्हणून बाबांनी जिवाचं रान केलेलं. काळी, बुटकी, रुंद, समोर आवाजाचं एकच गोल बटण. कीबोर्ड कपाटात, माउस कपाटात, हातात फक्त रिमोट. आतल्या पंख्यांचा आवाज येता कामा नये म्हणून बाबांनी त्यांच्याखाली आधी रबराचे तुकडे लावले, मग स्पंज लावला, मग एक पंखा काढूनच टाकला आणि त्याच्या जागी तांब्याच्या पट्ट्यांचा जुडगा बसवला. पेटी इतकी गप्प झाली की चालू आहे का बंद, हे बघायला तिच्या डोक्यावर हात ठेवावा लागायचा. बाबा येता-जाता ठेवायचे. आई म्हणायची, पोरीला ताप आला तरी हा माणूस इतक्यांदा हात लावून बघत नाही.

पेटी केबलवरचे कार्यक्रम आपले आपण रेकॉर्ड करून ठेवायची. त्या काळात आतल्या डिस्क लहान असायच्या, लगेच भरायच्या. म्हणून बाबांनी स्वतः एक छोटासा प्रोग्रॅम लिहून तिच्यात घातला: जे शेवटपर्यंत बघून झालंय ते पेटीने रोज सकाळी पुसून टाकायचं, जे अर्धवट राहिलंय ते ठेवायचं. फार हुशारीचं काम, असं सगळ्यांना वाटलं. मग एकेकाच्या आवडीचे कार्यक्रम गायब व्हायला लागले. त्यावर आमच्या घरच्यांनी शोधलेला उपाय असा, की जे आवडेल ते संपायच्या दोन मिनिटं आधी बंद करायचं. म्हणजे ते राहतं. पुढे मोठ्या डिस्क आल्या, जागाच जागा झाली, पण तो प्रोग्रॅम बाबांनी कधी बदलला नाही. त्यांच्या धंद्यात चालत्या मशीनला हात लावत नाहीत. तोपर्यंत आम्हालाही सवय झाली होती. मी तर बडबडगीतंसुद्धा शेवटचं कडवं सोडून शिकले.

हा बाबांचा धंदा होता, हे सांगायचं राहिलं. बाबा आणि मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, दोघांचं मिळून पेट्या बनवायचं दुकान होतं. माझा जन्म झाला तो पेटीचा जमाना होता. दुकानात पुढच्या भागात त्यांनी एक खोटी बैठकीची खोली उभी केली होती: सोफा, पडदा, कोपऱ्यात दिवा, समोर टीव्ही आणि खाली पेटी. लोक बायकामुलांसह यायचे, त्या सोफ्यावर बसायचे आणि उठायचं नाव घ्यायचे नाहीत. टीव्हीवर सगळे सिनेमे पोस्टरं लावल्यासारखे ओळीने दिसायचे, हवं ते निवडायचं. घरचे फोटो, गाणी, सगळं तिथेच. बाबांची विकायची एक रीत होती. ते रिमोट कर्त्या पुरुषाच्या हातात कधी द्यायचे नाहीत. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्यायचे आणि स्वतः लांब जाऊन उभे राहायचे. त्या म्हातारीला आपलं गाणं सापडलं की झालं, बाकीच्यांची बोलतीच बंद. मामा म्हणतो, निम्मं गाव आपल्याला आज्यांनी मिळवून दिलंय.

दुसरी रीत आईबद्दलची. आई तेव्हा शहराच्या केबल चॅनलवर रोज संध्याकाळी अर्धा तास बातम्या वाचायची. पाणी कधी येणार नाही, कुठला रस्ता खणलाय, कोणाची पिशवी सापडलीय, असल्या बातम्या. ती वेळेची इतकी पक्की होती, की तिच्या शेवटच्या शब्दावर लोक घड्याळ लावून घ्यायचे. बाबा कुणाच्या घरी पेटी बसवायला गेले की सगळ्या तारा जोडून झाल्यावर पहिलं चॅनल आईचं लावायचे. आपली बायको आहे हे सांगायचे नाहीत. फक्त विचारायचे, आवाज स्वच्छ येतोय ना? लोक म्हणायचे, हो, फार स्वच्छ. बाबा खूश. हे मामाने मला सांगितलं. बाबांनी आईला सांगितलं होतं की नाही मला माहीत नव्हतं, पण आईला ते माहीत होतं, हे मात्र मला नंतर कळलं.

आता शेपूट काय ते सांगते, कारण त्याच्यावाचून पुढचं कळणार नाही. कार्यक्रम कधी सुरू होतो आणि कधी संपतो, हे पेटी चॅनलच्या वेळापत्रकावरून ठरवायची आणि ठरल्या क्षणी रेकॉर्डिंग बंद करायची. पण मॅच लांबते, बक्षीस समारंभ लांबतात, मंत्र्यांची भाषणं तर लांबतातच. म्हणून त्यांच्या रेकॉर्डिंगला मागून थोडा जादा वेळ जोडून ठेवायचा. त्याला बाबा आणि मामा शेपूट म्हणायचे. मॅचला लांब शेपूट, भाषणाला त्याहून लांब शेपूट. गिऱ्हाइकांना बजावून सांगायचे, शेपूट लावल्याशिवाय झोपू नका. आईच्या बातम्यांना शेपूट लावायचा प्रश्नच नव्हता.

दुकान इतकं चालायला लागलं की फोन घ्यायला माणूस उरेना. मग आईने बातम्या सोडल्या आणि दुकानात बसायला लागली. आमच्या घरात ही गोष्ट एवढ्या एकाच वाक्यात सांगितली जाते: दुकानात माणूस हवा होता म्हणून आईने बातम्या सोडल्या. पाहुण्यांनाही हेच, मलाही हेच. मी तेव्हा रांगत होते, त्यामुळे मला जास्त काही विचारायचं सुचलं नाही.

तिचं शेवटचं बातमीपत्र पेटीत होतं. बाबांनी त्याला तिच्या फोटोचं पोस्टर लावलेलं आणि ते सगळ्या सिनेमांच्या आधी, पहिल्या जागी. खाली एक निळी पट्टी असते ना, किती बघून झालं ते दाखवणारी, ती जवळजवळ भरलेली आणि टोकाला नखाएवढी जागा रिकामी. पाहुणे आले की बाबा ते लावायचे. आई निळ्या साडीत, केस घट्ट बांधलेले, मान एवढीशीही हलत नाही. मी पाठ केलं होतं सगळं. नळदुरुस्ती, वाचनालयाची नवी वेळ, बसस्टँडवर सापडलेली छत्री. आणि मग तिने शेवटचा कागद उचलला की बाबा बंद करायचे. पाहुण्यांपैकी कुणी विचारलं, पुढे? तर म्हणायचे, पुढची दोन मिनिटं राखून ठेवलीत. आई त्या वेळी नेहमी स्वयंपाकघरात असायची. मला वाटायचं लाजते.

मग टीव्हीच्या मागे खोचायची ती बोटाएवढी कांडी आली. त्यानंतर तर टीव्हीच शहाणे झाले, त्यांना कांडीही लागेना. वायफाय असलं की झालं. मामा म्हणतो, आपला धंदा कुणी बुडवला नाही, तो एक दिवस नुसता कोपऱ्यात गेला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. बाबांना फोन यायचे ते आता पेटी काढून न्यायला. बसवताना दिवस-दिवस लागायचा, भिंतीतून तारा न्यायच्या, पांढरा रंग पुन्हा मारायचा. काढायचं काम ओतलेला चहा निवायच्या आत व्हायचं. काही घरांत पेटी काढायलाही कुणी बोलावलं नाही. बाबा एकदा एका ओळखीच्या घरी गेले तर पेटीवर कुंडी ठेवलेली आणि कुंडीतलं पाणी आवाजाच्या बटणातून ठिपकत होतं. बाबांनी काही न बोलता कुंडी उचलून खाली ठेवली, खिशातल्या रुमालाने बटण पुसलं आणि घरी आले. हे ते हसत सांगतात. आईला ते हसताना बघवत नाही.

दुकान बंद झालं. दुकानातला तो खोट्या खोलीतला सोफा आमच्या खऱ्या हॉलमध्ये आला. आजही आम्ही त्याच्यावरच बसतो. बाबा आता दुकानांत आणि सोसायट्यांत कॅमेरे बसवतात. मामा मोठ्या शोरूममध्ये टीव्ही विकतो, तेच शहाणे टीव्ही. आई डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर असते, पेशंटना नंबराने हाक मारते. मी तिला डबा द्यायला गेले की बघते, तिने नंबर पुकारला की ज्याचा नंबर नाही तोही वर बघतो.

हा झाला इतिहास. आता मी.

मी आत्ताआत्तापर्यंत वर्गात बोट वर न करणारी मुलगी होते. मग या वर्षी शाळेच्या एका छोट्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करणारी मुलगी आजारी पडली, बाईंनी मला पुढे ढकललं, आणि माइक हातात आल्यावर मला जो आवाज फुटला तो मलाच ओळखू येईना. तेव्हापासून मी थांबतच नाही. मामा मला भोंगा म्हणतो. खुशाल म्हणू दे. शाळेच्या वार्षिक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन मला मिळालं, एकटीला, पूर्ण कार्यक्रमाचं. तालमीत बाई म्हणाल्या, सुरुवात झकास, मधलं झकास, पण तुला शेवट करता येत नाही. कार्यक्रम संपला म्हणतेस आणि पळून जातेस, घरी गॅस चालू राहिल्यासारखी.

बरोबरच होतं. मी आयुष्यात शेवट बघितलेत किती?

म्हणून मला आईच्या बातमीपत्राची ती शेवटची दोन मिनिटं हवी होती. एवढी वेळेची पक्की बाई, तिने शेवटच्या दिवशी निरोप कसा घेतला असेल? मी आईला विचारलं तर म्हणाली, कोणास ठाऊक, खूप दिवस झाले. बाबांना विचारलं तर म्हणाले, राखून ठेवलंय.

त्यातच आमचा जुना टीव्ही गेला. म्हणजे चालायचा, पण सगळ्यांचे चेहरे हिरवे दिसायचे. मामाने शोरूममधून नवा आणायचं ठरवलं, भिंतीवर लावायचा. टीव्हीखालचं कपाट निघणार. पेटी ठेवायला जागाच उरणार नाही. शिवाय पेटीही आता म्हाताऱ्या माणसासारखी धापा टाकायला लागली होती, मध्येच बंद पडायची. आई म्हणाली, आता जाऊ दे ती. बाबा लगेच हो म्हणाले. फारच लगेच. आईने त्यांच्याकडे बघितलं आणि धुतलेले कपडे आणायला गेली.

मी विचारलं, आणि आईचं बातमीपत्र? ते दुसरीकडे काढून घ्या की. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ते निघत नाही. केबल कंपनीचं कुलूप असायचं. ज्या पेटीने रेकॉर्ड केलं त्या पेटीवरच ते चालणार, दुसऱ्या कुठल्याही मशीनवर नुसता काळा पडदा. बाबांनी सगळं करून बघितलं होतं, गुपचूप, कितीतरी वेळा. पेटी मेली की ते मेलं. माझ्या लक्षात आलं की ती धापा टाकणारी पेटी बाबांनी एवढी वर्षं का सांभाळली. आणि हेही लक्षात आलं की या घरात दोन मोठी माणसं आहेत आणि मोबाइल समोर धरून टीव्हीचं शूटिंग करता येतं हे एकालाही सुचलेलं नाही.

मी म्हणाले, "सोपं आहे. पेटी लावा, मी समोर मोबाइल ठेवते. आणि या वेळी शेवटपर्यंत बघायचं. पुसलं गेलं तरी काय बिघडतंय, माझ्याकडे असेल."

बाबांनी रिमोट उचलून जागच्या जागी ठेवला. मग म्हणाले, "चालेल." आणि दाढी करायला गेले. रविवारच्या दुपारी. मला हसू आलं.

मामा नवा टीव्ही घेऊन येणार होता संध्याकाळी, त्याच्या आधी आम्ही बसलो. मी पुस्तकांची चळत करून तिच्यावर मोबाइल टेकवला, पडदे ओढले. आई म्हणाली, तुम्ही बघा, मला काम आहे. मी म्हणाले, काम इथे आण. शेवटी ती घड्या घालायचे कपडे मांडीवर घेऊन सोफ्याच्या टोकाला बसली. बाबांनी पेटीच्या डोक्यावर हात ठेवला आणि रिमोट दाबला.

हिरवट आई बातम्या वाचायला लागली. मी तिच्याबरोबर ओठ हलवत होते. नळदुरुस्ती. वाचनालय. छत्री. पेटी आतून खरखरत होती, बाबा तिच्याकडे बघत होते, टीव्हीकडे नाही. आई टॉवेलची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. मग शेवटचा कागद आला. बाबांचा अंगठा सवयीने रिमोटवर गेला, मी तो उचलून बाजूला केला. कागदावर रस्त्यांवरच्या दिव्यांची बातमी होती. एवढी वर्षं राखलेलं ते हेच, अमुक गल्लीतले दिवे बदलणार. मी ते पहिल्यांदा ऐकत होते म्हणून मला तेही भारी वाटलं.

बातमी संपली. आईने कागद एकावर एक रचले, बाजूला ठेवले. आणि मान वर केली. असं तिने कधीच केलं नव्हतं, कागदाशिवाय कॅमेऱ्यात बघणं.

"बातम्या संपल्या," टीव्हीतली आई म्हणाली. "पण आज मला अजून थोडं..."

आणि पडद्यावर पोस्टरं आली. सगळे सिनेमे ओळीने, पहिल्या जागी आईचा फोटो, खाली निळी पट्टी टोकापर्यंत भरलेली आणि तिच्या शेजारी बरोबरची खूण.

मला वाटलं पेटी बंद पडली. मी बाबांना म्हणाले, पुन्हा लावा. त्यांनी लावलं, शेवटच्या मिनिटापासून. कागद, मान, "अजून थोडं", आणि पोस्टरं. पुन्हा लावलं. तेच.

बाबा जमिनीवर बसले होते, पेटीसमोर. तिथूनच म्हणाले, "अर्धा तास झाला. बरोबर अर्धा तास." मग थोड्या वेळाने, "मी शेपूट नव्हतं लावलं."

आईच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. ती म्हणाली, "म्हणजे तू हे त्या दिवशी बघितलं नव्हतंस?"

बाबा त्या दिवशी कुणाच्या तरी घरी पेटी बसवत होते. त्या दिवशी मोठी मॅच होती, सगळं गाव मॅचसमोर बसलेलं. घरमालक म्हणाला, चॅनलची तपासणी नंतर करा, आधी मॅच लावा. बाबांनी लावली. पहिलं चॅनल आईचं लावायची रीत तेवढ्या एका दिवशी मोडली. त्यांना काळजी नव्हती, घरी पेटी बघत होती. घरी आल्यावर आईला म्हणाले, छान झालं. दुसऱ्या दिवशी निवांत बघितलंही, शेवटची दोन मिनिटं सोडून, हरवू नयेत म्हणून. हे सगळं बाबांनी तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं, पेटीला सांगितल्यासारखं.

"मला वाटलं तू ऐकलंस," आई म्हणाली.

मी विचारलं, काय ऐकलं?

आई माझ्याशी बोलली, बाबांशी नाही. तिने त्या दिवशी सांगितलं होतं, की बातम्या सोडायला मी हो म्हटलंय पण माझं मन नाहीये. मला हेच करायचंय. ऐकणाऱ्याने घरी येऊन एकदा नुसतं नको सोडूस म्हणावं, उद्या मी याच वेळेला इथे असेन. एवढंच. कॅमेरावाल्याला वाटलं बाई गंमत करतायत. बाकी गावात त्या दिवशी ते चॅनल कुणी लावलंच नसावं, मामानेसुद्धा नाही.

मला राहवेना. मी म्हणाले, हे घरी तोंडावर सांगायचं ना. आई हसली, पण ते हसू मला आवडलं नाही. म्हणाली, घरी बोलायला तोंड उघडलं की याचा फोन वाजायचा. लक्ष असायचं ते टीव्हीकडे. म्हटलं, टीव्हीतूनच सांगावं. ज्या घरी जातो तिथे मला लावतो, मला ठाऊक होतं. आज तर लावेलच.

मग ती संध्याकाळी घरी आली तेव्हा बाबा म्हणाले, छान झालं. आणि विचारलं, दुकानाची दुसरी किल्ली उद्यापासून तुझ्याकडे ठेवतेस का? तिने किल्ली घेतली.

"मला वाटलं हे उत्तर," आई म्हणाली.

पोस्टरं पडद्यावर तशीच होती. नंतर पडदाही थोडा वेळ कुणी हात न लावल्यामुळे काळा झाला.

"मी म्हटलं असतं," बाबा म्हणाले. "नको सोडूस म्हटलं असतं. मला तर वाटलं, तू कंटाळलीस त्या कामाला."

आईने टॉवेलची घडी पूर्ण केली, गठ्ठ्यावर ठेवली, हाताने सपाट केली. "म्हटलंही असतंस," ती म्हणाली. "कोण सांगणार आता. तुलाही सांगता येणार नाही."

ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती दवाखान्यात नंबर पुकारते तशी म्हणाली.

संध्याकाळी मामा टीव्ही घेऊन आला, दारातूनच ओरडत, भोंगा, स्क्रू आण. मग आमची तोंडं बघून त्याने आवाज उतरवला. बाबांनी स्वतःच तारा काढल्या. त्यांना वेळ लागला नाही. पेटी उचलताना खालच्या कपाटावर तिच्या पायांच्या जागी चार स्वच्छ गोल दिसले, बाकी सगळी धूळ. पेटी त्यांनी कपाटाबरोबर कोपऱ्यात नेऊन ठेवली. मामा म्हणाला, निदान आतलं तांबं तरी काढून ठेवू. बाबा म्हणाले, राहू दे.

माझ्या मोबाइलमध्ये सगळं आहे. मी तो बंद करायला विसरले होते. हिरवी आई, कागद, मान, पोस्टरं. आणि मग काळा पडदा, आणि त्यात आम्ही तिघं दिसतो, सोफ्याच्या टोकाला आई, जमिनीवर बाबा, मध्ये मी. कोण कोण आहे ते नुसत्या आकारावरून ओळखायचं. आवाज मात्र स्वच्छ आलाय. बाबांना मी विचारलं, हवंय का? ते म्हणाले, तुझ्याकडेच असू दे.

शाळेचा कार्यक्रम त्याच आठवड्यात होता. पडदा वर गेला तर समोर डोकी दिसेचनात, नुसते मोबाइल. सगळ्यांचे आईबाप हात उंच करून उभे. तिसऱ्या रांगेत आई, शेजारी बाबा. बाबांचे दोन्ही हात गुडघ्यांवर. मला जरा वाईटच वाटलं, खोटं कशाला बोलू. ज्या माणसाने अख्ख्या गावाला रेकॉर्डिंग शिकवलं, त्याला स्वतःच्या मुलीचं करावंसं वाटू नये? शूटिंग करायला मी मामाला सांगितलं होतं. त्याने केलंही, पण उभ्या माणसांच्या मागून. त्यात एका काकांचं टक्कल आणि माझा कान आहे.

कार्यक्रम लांबला. नाटकवाल्यांनी जास्त वेळ घेतला, बक्षिसं संपता संपेनात. माझ्या समारोपाची पाळी आली तेव्हा निम्मे लोक उठून चपला शोधत होते, मोबाइल खिशात गेले होते. बाईंनी पडद्याआडून खूण केली, आटप. मी एक श्वास घेतला आणि कागद बाजूला ठेवला.

पुढे मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. खरंच. कानात नुसती शिट्टी वाजत होती.

घरी जेवताना मी विचारलं, माझा शेवट कसा झाला? मामा म्हणाला, जोरात झाला. आई म्हणाली, चांगला झाला, श्वास मध्ये तोडलास तेवढा तोडायला नको होता. बाबा ताटाकडे बघत होते. त्यांनी घास खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली, हळू, एकेक शब्द.

"कार्यक्रम संपला. पण दिवे लागेपर्यंत जागेवरच बसा. आपापल्या खुर्चीखालच्या रिकाम्या बाटल्या उचला. आज काही जणांना टाळ्या मिळाल्या नाहीत, पडद्यामागे उभे होते ते. त्यातला कुणी वाटेत भेटला तर त्याच्याशी बोला. उद्यावर ढकलू नका. मी एवढंच सांगायला थांबले होते."

जसंच्या तसं. माझी जिथे जीभ अडखळली होती, तिथे तेही थोडे थांबले.

मामा चमचा हातात धरून बसला होता. आईने स्वतःचं ताट उचललं, ते अजून संपलं नव्हतं, आणि बेसिनपाशी गेली. नळ सोडला. आमच्याकडे पाठ करूनच ती म्हणाली, "ऐकता येतं तर तुला."

बाबांनी मान हलवली. तिला ते दिसलं नाही. पाणी बराच वेळ वाहत राहिलं.